आतले मीठ

शिवणाच्या डब्यातले दोऱ्याचे रीळ तुम्ही पाहिलेच असेल, मित्रांनो. मी त्याच घराण्यातले, पण हाडापेराने दांडगे. खोल समुद्रातले मोठे मासे धरायच्या काठीवर मला बसवतात. माझ्या पोटात खूप लांब दोरी गुंडाळलेली असते आणि कुशीला ब्रेकचा दांडा असतो. दांडा पुढे ढकलला की मी दोरी आवळते, मागे ओढला की सोडते. मासा पळाला तर थोडी थोडी दोरी सोडायची, दमला की गुंडाळायची, हे माझे काम.

एका कारखान्यात धातूचा गोळा कातून मला घडवले. तिथल्या तपासनीस बाईंनी मला कानाशी धरून फिरवले आणि म्हणाल्या, "आवाज नाही. चांगलं आहे." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेणाऱ्या माणसाला त्याची दोन मुले बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्यांची होडी लहान होती, चार माणसे बसली की पाचव्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. पण त्या होडीतून त्यांनी मोठमोठे मासे धरले आणि बहुतेक सोडूनही दिले. धक्क्यावर लोक माझेही कौतुक करत. संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःचे तोंड धुण्याआधी बाबा मला गोड्या पाण्याने धूत. मग टेबलावर जुना टॉवेल पसरून मला उघडत आणि बोटाने आत ग्रीस लावत. "समुद्र आत येऊन बसतो. त्याला रोज हाकलावा लागतो," असे ते मुलांना सांगत.

पुढे बाबांच्या डोळ्यांतला उजेड कमी होऊ लागला. डॉक्टरांनी हात टेकले. होडी थोरल्या मुलीकडे गेली आणि मी धाकट्या मुलाकडे. धाकटा वाईट नव्हता, पण जिवाला भारी घाई. तो मला बाहेरून पुसून लख्ख ठेवी. आत मात्र मीठ साचत गेले. फिरताना मी करकरू लागले, आणि दांडा मागे यायला कुरकुरू लागला.

धाकट्याने आजवर एकही मार्लिन धरला नव्हता. मार्लिन म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेला, माणसाच्या दुप्पट लांबीचा मासा. बाबांचे डोळे पुरते जाण्याआधी त्यांना एक तरी दाखवायचा, असे त्याने मनाशी धरले होते. म्हणून एके दिवशी तिघे निघाले. धक्का सोडताना थोरलीने विचारले, "रीळ उघडून धुतलंस ना?"

"हो गं ताई, धुतलं," तो म्हणाला.

मित्रांनो, ते खरे नाही हे त्या होडीत दोघांनाच ठाऊक होते. त्यातल्या एकाला तोंड नव्हते. किनारा मागे पडला, पाण्याचा निळा रंग काळपट झाला आणि माझ्या मनात धाकधूक सुरू झाली. बाबा सुकाणूजवळच्या खुर्चीत बसले होते. धाकट्याने कमरेला रुंद पट्टा बांधला आणि पट्ट्याच्या दोन कड्या मला अडकवल्या. आता मी जिथे जाईन तिथे त्याला यावे लागणार होते.

दुपार कलताना मार्लिनने गळ गिळला. तो एकदा पाण्याबाहेर उसळला, अंगावर सूर्य घेऊन, आणि पुन्हा आपटला. धाकटा आनंदाने म्हणाला, "बाबा, दिसला का?" बाबांचे उत्तर ऐकायला वेळच मिळाला नाही. मासा सरळ होडीच्या खाली बुडी मारून निघाला. मी दोरी सोडू लागले. माझ्या आतून खरखर आवाज आला, मग चरचर. आणि मी अडकले.

त्याने दांडा मागे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. पट्टा काढायला त्याने हात घातला, पण माशाच्या ओढीने कड्या ताणून घट्ट बसल्या होत्या. काठी वाकली, त्याचे गुडघे होडीच्या कडेला घासले, आणि तो डोक्याकडून पाण्यात गेला. त्याच्याबरोबर मीही.

थोरलीने इंजिन थांबवून झेप घेतली आणि त्याचे दोन्ही पाय पकडले. पाण्याखाली मी त्याच्या पोटाला चिकटलेले होते. त्याचे काळीज माझ्या धातूवर धडधडत होते. खालून मासा ओढत होता, वरून बहीण. सुरी सुकाणूपाशी अडकवलेली होती. ती आणायला थोरलीला पाय सोडावे लागले असते.

"बाबा, सुरी," ती म्हणाली. "मला सोडता येत नाही."

बाबा खुर्चीतून उतरले ते हातापायांवरच. चाचपडत त्यांनी सुरी काढली, रांगत कडेला आले आणि लेकीच्या शेजारी पालथे पडून पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. पाण्यातले त्यांना काही दिसत नव्हते. आधी मुलाची कंबर लागली, मग पट्टा. मग त्यांची बोटे माझ्यावर आली. इतकी वर्षे मला उघडणारी ती बोटे. माझी कड, माझे स्क्रू, मग माझ्या पोटातून निघणारी ताठ दोरी. तोपर्यंत धाकट्याचे काळीज माझ्यावर अडखळत वाजू लागले होते. पाते दोरीला नुसते टेकले आणि दोरी तुटली.

दोघांनी त्याला वर ओढले. त्याने पाणी ओकले, खोकला, आणि कितीतरी वेळ होडीच्या तळाशी पडून राहिला. मग थोरलीने इंजिन चालू केले.

परतताना धाकटा म्हणाला, "मी धुतलं नव्हतं, बाबा."

"कळलं ते," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्हाला मासा तरी दिसला का?"

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मासा कुठला बघतोय मी? मी तुला शोधत होतो."

घरी धाकट्याने मला टेबलावर उघडले. आतल्या चाकांचे दात झिजले होते, ब्रेकची चकती मिठाने खाल्ली होती. मी आता समुद्रावर जात नाही. धाकट्याने दुसरे रीळ आणले आहे. परत आला की तो ते उघडतो, आणि आतली चकती बाबांच्या हातात देतो. बाबांना आता काहीच दिसत नाही, पण बोट फिरवून ते "हं" म्हणेपर्यंत तो जेवायला बसत नाही.

मित्रांनो, त्या पाण्याची भीती माझ्यातून गेलेली नाही. एवढेच मागणे आहे. सायकलचा ब्रेक असो, झोपाळ्याची साखळी असो की भिंतीला टेकवलेली शिडी, ज्या वस्तूवर आपले माणूस जीव सोपवते, तिला नुसती वरून पुसू नका. आम्हाला हाक मारता येत नाही. तुम्हीच उघडून बघत जा.