हात न लावता

"आबा, त्याला थंडी वाजतीय," सायली म्हणाली.

"कसली थंडी? कोमट हाय पाणी. बघ, बोट घालून बघ," म्हणत कडूबाने सशाला टबात धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर तांब्या रिकामा केला.

ससा म्हणजे मूठभर जीव. भिजल्यावर तर तो आणखीच आटला. नुसते डोळे आणि कान उरले. मागच्या रविवारी सायलीच्या वाढदिवसाला अतुलने, म्हणजे कडूबाच्या मुलाने, रस्त्याच्या कडेला पिंजरे मांडून बसलेल्या एका माणसाकडून तो घेतला होता. 'दोन महिन्यांचा आहे साहेब, काहीपण खातो, कायबी तकलीफ नाही,' असं त्या माणसाने सांगितलं होतं. सायलीने त्याचं नाव मोमो ठेवलं. सायलीची आई सोनिया जरा कुरकुरली होती. ती आणि अतुल दोघंही नोकरीला, पोरगी शाळेत. या जिवाकडे बघणार कोण? तेव्हा कडूबाच पुढे झाला होता.

"मी हाय ना. जल्म जनावरांत गेला माझा."

ते खोटं नव्हतं. कन्नड तालुक्यात वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेच्या गावात त्याने हयातभर मेंढरं राखली होती. अडलेल्या मेंढीच्या पोटातून आडवं आलेलं कोकरू ओढून काढलं होतं, गारठलेली पिल्लं घोंगडीत पोटाशी धरून जगवली होती. बायको गेली, मग गुडघे गेले, चरायला रान उरलं नाही. शेवटी कळप विकून तो शहरात, उस्मानपुऱ्यात लेकाच्या फ्लॅटवर आला. तेव्हापासून गॅलरीतल्या खुर्चीवर बसून खालची रहदारी बघायची, एवढंच काम. ससा आला आणि त्याच्या अंगात जरा चैतन्य आलं. त्याने सशाला दुधात कुस्करलेली भाकरी दिली, कोबीची पानं दिली, भाजीवाल्याकडून लसूणघासाचा हिरवागार चारा आणून दिला. कालपासून सशाचं पोट बिघडलं होतं, मागची बाजू बरबटली होती. कडूबाला त्याचं काही वाटलं नाही. कोवळा चारा खाल्ला की कोकरांचंही असंच व्हायचं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवायची, उन्हात सोडायची. तासाभरात बागडायला लागायची ती.

त्याने सशाला फडक्याने खसाखसा पुसलं आणि गॅलरीतल्या उन्हात ठेवलं. फेब्रुवारीतलं ऊन, चांगलं तापलेलं. ससा बसला नाही. एका कुशीवर कलला. मागचे पाय एकदा जोरात झाडले. मग त्याची मान मागे वळली.

"आबा, तो असा का करतोय?"

कडूबाने त्याला उचललं, सदऱ्याच्या आत घातलं, पोटाशी धरलं. हाताखाली ते काळीज इतकं जलद पळत होतं की ठोके वेगळे कळत नव्हते.

"अतुल! गाडी काढ रे. चल लवकर!"

जनावरांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते काळीज थांबलं होतं. डॉक्टर प्रेरणा तरुण होत्या. त्यांनी सशाला टेबलावर घेतलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मग काढला. काय काय खायला दिलं, कधीपासून जुलाब होते, हे त्यांनी विचारलं. कडूबाने सगळं सांगितलं. आंघोळीचंही सांगितलं.

"महिन्याचासुद्धा नव्हता हो हा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईचं दूध तुटायच्या आत विकतात ही पिल्लं. त्यात दूध-भाकरी, कोबी. पोट आधीच खराब झालं होतं. आणि बाबा, सशाला आंघोळ घालत नाहीत. तो घाबरला तरी त्याचं काळीज बंद पडतं."

सायली बाकावर बसली होती. टबातलं पाणी उडून तिचा फ्रॉक ओला झाला होता. तिने आजोबांकडे बघितलं.

"आबा, तुम्ही मारलं त्याला."

"सायली!" अतुल ओरडला.

"नको, तिला वरडू नको," कडूबा म्हणाला. "बराबर हाय तिचं."

त्या दिवसापासून पोरगी त्याच्याशी बोलेनाशी झाली. रुसल्यासारखं, भांडल्यासारखं काहीच नाही. जेवायला हाक मारायची असली तर ती आईला सांगायची, "आबांना सांग." रात्री त्याच्या शेजारी अंथरूण टाकणारी पोर आता हॉलमध्ये झोपायला लागली. कडूबाने एकदा तिच्यासाठी खालून चिक्की आणली. तिने ती घेतली, फ्रिजवर ठेवली. तिथेच राहिली ती.

आठवड्याने अतुल म्हणाला, "मी काय म्हणतो, तो पिंजरेवाला अजून तिथंच बसतो. तसाच पांढरा एखादा आणून टाकतो. पोर विसरून जाईल."

कडूबा लेकाच्या घरात कधी कशाला नाही म्हणायचा नाही. टीव्हीवर काय लावायचं, कधी जेवायचं, सगळ्याला त्याची मान डोलायची. आज मात्र तो म्हणाला, "नको. तिथून नको आणू."

"का हो आबा?"

"आईपासून तोडून आनत्यात. तू एक घेतला की तो आनखी चार आनंल."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच रिक्षा करून दवाखान्यात गेला. माणसं कुत्री-मांजरं घेऊन बसली होती. त्याच्या हातात काहीच नव्हतं. नंबर आल्यावर डॉक्टर प्रेरणांनी त्याला ओळखलं.

"बाबा? काय झालं?"

"झालं नाय काई. म्हनलं इचारावं. ससा पाळायचा कसा?"

त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. मग बाहेरच्या माणसांकडे बघत, पण घाई न करता, त्या सांगत गेल्या. सशाचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत, ते दिवसरात्र पुढ्यात हवं. त्याचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच ते झिजतात. हिरवा पाला थोडा, धुऊन कोरडा केलेला. दूध नाही, भाकरी नाही, बिस्किट नाही. इथला उन्हाळा त्याला सोसत नाही, दुपारी गार फरशी आणि पडदा लागतो. जाळीच्या तळावर ठेवलं तर पायांना जखमा होतात. त्याला एकटं वाटतं, त्याच्याजवळ कुणीतरी रोज बसावं लागतं.

"आणि लेंड्यांवर लक्ष ठेवायचं. कमी झाल्या, बारीक झाल्या, किंवा सकाळपासून तोंडच लावलं नाही, तर वाट बघायची नाही. तसाच इकडे आणायचा."

"लेंड्या कळत्यात मला," कडूबा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. "म्हंजे, मेंढराच्या."

डॉक्टर थोडं हसल्या. "बाबा, पिल्लू आणूच नका. घरोघरी हौसेने ससे घेतात आणि मग कंटाळतात, नाहीतर काही अडचण येते. असा मोठा, सवयीचा ससा बघा. डोळे स्वच्छ आहेत का, नाक वाहत नाही ना, मागची बाजू कोरडी आहे का, आणि आधी कुठे राहत होता, ते बघून घ्या. हर्सूलला एक बाई आहेत. रिटायर शिक्षिका. त्यांना द्यायची आहे एक मादी. पण त्या कुणालाही देत नाहीत, आधीच सांगते."

वच्छलाबाईंचं घर हर्सूल तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. बाईंनी दार उघडलं तेव्हा घरात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं दिसत होतं. त्या मुलीकडे नाशिकला कायमच्या राहायला चालल्या होत्या. मुलीच्या घरी दोन कुत्री होती. राखाडी रंगाची, चांगली भरलेली सशीण पलंगाखालून नाक हलवत बघत होती. तिचं नाव जाई.

"याआधी पाळलाय कधी ससा?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"मग? काय झालं त्याचं?"

रिक्षातून येताना कडूबाने याचं उत्तर ठरवलं होतं. पोट बिघडून गेला, एवढंच सांगायचं. त्यातही खोटं काही नव्हतं. पण त्या पलंगाखालच्या जिवाकडे बघत त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

"माझ्या हातून मेला, बाई. मी धुतला त्याला. मेंढरावानी. नात समोर हुती."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी भंगाराची हाक देत गेलं.

"मी आज तर देणार नाही तुम्हाला," शेवटी त्या म्हणाल्या. "राग मानू नका. उद्या या. खाली बसा नुसते तिच्यापाशी. हात लावायचा नाही, उचलायचं नाही. तिला तुमची सवय होते का, बघू."

कडूबा दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. फरशीवर बसताना गुडघे कुरकुरायचे, उठताना भिंत धरावी लागायची. जाई पहिल्यांदा पलंगाखालून हललीच नाही. मग दुरून वास घेऊन जायला लागली. मध्ये एकदा तो एसटीने गावी गेला आणि भावाच्या बांधावरचं वाळलेलं मारवेल गवत पोत्यात भरून घेऊन आला. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, शहरात म्हैस बांधलीय का?" कडूबा नुसता हसला. पोतं उघडलं तेव्हा वच्छलाबाईंच्या खोलीत डोंगराचा वास पसरला, आणि जाई स्वतःहून पुढे आली. पोत्यात तोंड घालून कुरूकुरू खायला लागली. तिच्या कानाची कड त्याच्या मनगटाला लागत होती. कडूबा श्वास रोखून बसला.

नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी जाईला जाळीदार डब्यात ठेवलं, डब्यावर आपली एक जुनी सुती साडी घातली. जाईला खिडकीतून बाहेर बघायला आवडतं, फटाक्यांच्या दिवसांत तिला आतल्या खोलीत न्या, कोथिंबीर दिसली की ती मागच्या पायांवर उभी राहते, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "आता घेऊन जा. मी दारात येत नाही."

घरी सायली अभ्यास करत होती. कडूबाने डबा फरशीवर ठेवला आणि मागे सरकला. झाकण सोनियाने उघडलं. जाई बाहेर आली, चहूकडे वळून बघत टेबलाखाली जाऊन बसली.

सायलीने पेन खाली ठेवलं. बऱ्याच दिवसांनी ती आजोबांशी बोलली.

"हा पण मरेल."

"ही हाय. जाई. मोठी हाय ती, पोरी."

"ती माझी असेल तर एक अट आहे." तिची नजर खाली गेली नाही. "आबांनी तिला हात लावायचा नाही. कधीच."

"अगं, रोज हर्सूलला जाऊन जाऊन त्यांनी..." सोनिया म्हणाली. कडूबाने तिला थांबवलं.

"नाय लावनार," तो म्हणाला. "शब्द देतो."

तो शब्द त्याने पाळला. गवत तो आणायचा, निवडायचा, पाण्याचं भांडं घासून भरायचा, लेंड्या झाडून काढायचा आणि आधी नीट न्याहाळायचा. उन्हाळा तापला तशी त्याने दारांना ओले पडदे लावले. नखं कापायला अतुल न्यायचा डॉक्टरांकडे. उचलायची सायली, डॉक्टरांनी शिकवलं तसं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. मांडीवर घेऊन ती तिला शाळेतलं काय काय सांगायची. कडूबा गॅलरीतल्या खुर्चीवरून ऐकायचा. त्यातलं पुष्कळसं पूर्वी ती त्याला सांगायची. हळूहळू ती त्याच्याशीही बोलायला लागली. पाणी भरलं का, गवत आहे का, एवढं. झोपायला मात्र ती परत त्याच्या शेजारी आली नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी सोनिया ऑफिसातून लवकर आली. सायली मैत्रिणीकडे गेली होती. कडूबा हॉलमध्ये फरशीवर, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसला होता. जाई त्याच्या पायांपाशी अंग पसरून पडली होती. तिने हनुवटी त्याच्या भेगाळलेल्या टाचेवर टेकवली होती आणि तिचे डोळे अर्धे मिटले होते.

सोनिया दारातच थांबली. मग सासऱ्यांना हळूच म्हणाली, "मामा, फिरवा की हात तिच्या पाठीवर. सायली नाही घरात. कोणाला कळतंय?"

कडूबाने मान वर केली नाही. "नगं," तो म्हणाला. "जराशी निजलीय, उठंल."

त्याने दोन्ही हात उचलून आपल्या काखांत घातले आणि तसाच बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी त्याने तो हलवला नाही.