दुसऱ्याचा होकार

“लोक कंटाळलेत, प्रांजली. आज संध्याकाळी तो नियम काढून टाकू,” तिचे वरिष्ठ रत्नपाल सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले. प्रांजली नागावच्या घरात लॅपटॉपसमोर बसून ऐकत होती.

प्रोग्रामर मंडळी एकत्र काम करताना आपला कोड जिथे ठेवतात, अशी एक वेबसाइट ही दोघं काम करत ती कंपनी चालवायची. नव्या खात्याला कोणत्या सेटिंग आपोआप लागू असाव्यात, हे प्रांजली ठरवायची. चालू असलेल्या मुख्य कोडवर कुणी परस्पर काही चढवू नये, आधी दुसऱ्या कुणीतरी बघून होकार द्यावा, असा नियम तिने घातला होता. नको असेल त्याला तो बंद करता यायचा. पण लोकांना तेवढाही त्रास नको होता. त्या नियमाच्या तक्रारी आता थेट तिच्याच फोनवर येत.

कॉल संपतो न संपतो तोच काशीदच्या स्वराजचा फोन आला. वादळाची सूचना मच्छीमारांच्या मोबाइलवर धाडणारी यंत्रणा त्याने गावासाठी उभारली होती. वारा फिरलाय, होड्या बाहेर आहेत, एक छोटी दुरुस्ती करायचीय आणि तुमची वेबसाइट आडवी येतेय, असं तो तावातावाने सांगत होता. होकार द्यायला इथे दुसरं आहे कोण, आता तो नियमच बंद करतो, असंही त्याने सुनावलं.

प्रांजलीने त्याला काय काय बदलतंय ते स्क्रीनवर वाचायला सांगितलं. तो कुरकुरत वाचू लागला आणि मध्येच थांबला.

“मॅडम, ही तर जुनी कॉपी हाय. हिच्यात सूचना धाडायचा भागच न्हाय.”

“चढलेली नाही ती. चालू आहे ते तसंच चालू आहे.”

त्याने ती कॉपी बाजूला केली.

“बाबा दर्यात हायेत माझे,” मग हळूच म्हणाला.

त्याची बहीण सोनल शाळेत संगणक शिकवायची. त्याने तिला बोलावून घेतलं, योग्य कॉपी तिने नीट पाहिली आणि होकार दिला. सूचना होड्यांपर्यंत पोचली.

प्रांजलीने सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नियम राहू दे, पण का अडवलंय ते लोकांना कळेल अशा शब्दांत लिही. ते तिलाही पटलं. दुपारभर ती तेवढंच लिहीत बसली, आणि कित्येक दिवसांनी तिला भूक लागल्यासारखी वाटली.

दिवेलागणीला स्वराजने फोटो पाठवला. वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या, आणि त्यांच्यापुढे पाठमोरा बसून दोर गुंडाळणारा एक म्हातारा.

फोनवरचं बोलणं ऐकलेली तिची आई तुळसा तिच्या खांद्यावरून डोकावली.

“आले का सगळे?”

“आले.”

तुळसाने मान हलवली आणि ती ताटं घ्यायला आत गेली.