अहो, वेग!

आमच्या घरात "अहो" हा शब्द धोक्याचा आहे. नवऱ्याला मी लग्नाआधीपासून नावाने हाक मारते. एरवी प्रसन्न, चिडले की प्रसन्न्या. "अहो" फक्त दोन वेळा: सासूबाई समोर असल्या की, आणि याचं काहीतरी चुकतंय पण ते याच्या गावीही नाही, अशा वेळी. मग तो गाडी चालवत असो की पाहुण्यांत बसलेला असो, मी नुसतं "अहो" म्हटलं की हा माणूस बसल्या जागी ताठ होतो आणि विचारतो, काय झालं? इतक्या वर्षांत हा उपाय कधी फसला नव्हता.

हे आधी सांगायचं कारण असं की पुढे हा शब्द एका विमानात जाऊन बसला. शब्दच तेवढा बसला.

विमान यूसुफचं. यूसुफ म्हणजे इथे आखातात, राई नावाच्या गोदामांच्या भागातल्या टाइल्सच्या मोठ्या शोरूमचा मालक, पन्नाशीचा, हौशी, गोड माणूस. गोड हे मी चिडून म्हणते आहे, पण खोटं म्हणत नाही. रमजानात त्याच्याकडून आमच्या फरवानियाच्या फ्लॅटवर खजुराचा डबा न चुकता यायचा. प्रसन्न ज्या बँकेत सॉफ्टवेअर सांभाळतो तिथे यूसुफचं खातं, तीच ओळख. त्याने परदेशातून विमानाचे सुटे भाग मागवले होते. नदीकाठच्या वाळूवर, गवताळ माळावर, जिथे रस्ता नाही तिथे उतरणारं विमान. एकामागे एक अशा दोनच सीटा, नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. ते सगळं शोरूममागच्या गोदामात टाइलच्या खोक्यांपलीकडे पसरलेलं होतं. सांगाडा जोडायचं आणि कापड चढवायचं काम रत्नागिरीचा इम्तियाज करत होता. एरवी तो शेजारच्या गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा. वायरिंगला माणूस हवा होता. यूसुफने बँकेत बोलता बोलता विचारलं, आणि आमचे साहेब बोलता बोलता हो म्हणाले.

हो म्हणणारच. प्रसन्न ओझरचा. त्याचे वडील तिथल्या विमान कारखान्यात जन्मभर विमानांच्या पोटात वायरी ओढत होते. किती विमानं त्यांच्या हातून गेली, आणि स्वतः फिरले एसटीने. त्यातल्या एकातही ते कधी बसले नाहीत. ही गोष्ट प्रसन्न हसत हसत सांगतो, पण नुसत्या हसण्यासाठी कोणी एकच गोष्ट इतक्या वेळा सांगत नाही.

कामाचा मोबदला काय, असं यूसुफने विचारलं, तेव्हा याने एकच मागणं केलं. विमान उडायला लागलं की मागच्या सीटवर पहिला मी. यूसुफने छातीवर हात ठेवला. अरबीत प नाही, त्यामुळे आमचा प्रसन्न त्याच्या तोंडी कायम ब्रसन्ना.

"ब्रसन्ना, मागची सीट तुझी," तो म्हणाला. "तुझ्याआधी माझी आईसुद्धा तिथे बसणार नाही."

झालं. आमचे सुट्टीचे शुक्रवार राईत गेले. नातेवाइकांसारखे लोक आमच्याकडे यायचे बंद झाले, कारण घरी कोणी सापडायचंच नाही. मीही डबा घेऊन जायचे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते विमान आवडायला लागलं होतं. पुढच्या फळीवर दोन मोठे पडदे, त्यात नकाशा, उंची, इंजिनाचा ताप, सगळं रंगीत. त्यामागे प्रसन्नचं काम. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी वायरी आवळायच्या नाहीत, वडील बांधायचे तशा मेणाच्या दोऱ्याने बांधायच्या, असा याचा हट्ट. खंडेनवमीला याने मीटरला आणि पक्कडीला कुंकू लावलं, आणि हळूच इंजिनालाही एक बोट टेकवलं. यूसुफने ते पाहिलं आणि चालवून घेतलं. मी त्याला तेव्हा मनातून मार्क दिले होते.

फोटो मात्र तो स्वतःचेच काढायचा. हातात ड्रिल घेऊन, हातात पक्कड घेऊन. त्या वेळी इम्तियाजला आणि याला बाजूला व्हायला सांगायचा, अगदी प्रेमाने. इम्तियाज खोक्यावर बसून माझ्या डब्यातली भाकरी खात ते बघायचा. एकदा मला म्हणाला, "वहिनी, सीटा दोन. एक शेठची, दुसरी शेठ ज्याला बसवील त्याची. आपून बनवलं म्हनून ती आपली व्हत नाय." मी हे घरी जाऊन प्रसन्नला सांगितलं. त्याने हसून माझीच समजूत काढली.

मग आवाजाचा प्रश्न आला. असलं विमान अगदी हळू उडतं, हळू उतरतं, पण वेग फारच कमी झाला तर पंखाखालची हवा सुटते आणि विमान दगडासारखं पडतं. त्याआधी यंत्र बोलून सावध करतं. कंपनीचा इंग्रजी आवाज प्रसन्नला पसंत नव्हता. विमानतळावर विमानाची वेळ सांगावी तशी ती बाई मरणाची सूचना देते, म्हणाला. आपला आवाज त्यात घालता येत होता. "चाचणीपुरता तुझा घालतो," तो म्हणाला. "तू अहो म्हटलंस की मी झोपेतूनसुद्धा उठतो."

एसीची घरघर येऊ नये म्हणून मी कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं आणि म्हटलं, "अहो, वेग!" आमची आर्या दारातून म्हणाली, "आई, यू साउंड लाइक आजी." गोदामात याने वेग मोजायच्या नळीत फुंकर घालून थांबवली, वेग उतरतोय असं यंत्राला भासवलं, आणि माझा आवाज पत्र्यावर असा काही घुमला की प्रसन्नबरोबर इम्तियाजचीही पाठ सरळ झाली. आम्ही पोट धरून हसलो. यूसुफ त्या दिवशी नव्हता.

विमान पाठवायची वेळ आली तेव्हा मी आठवण केली, तो आवाज बदल. प्रसन्न म्हणाला, "राहू दे. मी मागेच बसलेला असणार. बोलली की अर्थ सांगेन त्याला, मग काढू." आयुष्यात याने केलेली एवढी मोठी चूक मला दुसरी आठवत नाही. सीट आपली आहे असं धरून चालला.

पंख उतरवून विमान कंटेनरमधून केनियाला गेलं. तिथे यूसुफच्या मित्राचा नदीकाठी कॅम्प होता. प्रसन्नने रजा मंजूर करून घेतली, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, आणि कानावर येणारी एक टोपी आणली, जी त्याला अजिबात शोभत नव्हती. निघायच्या आदल्या आठवड्यात यूसुफ मिठाईचा डबा घेऊन घरी आला. चहा घेतला, आर्याच्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाला की असल्या विमानाला परवानगी मिळते ती मालकाने छंद म्हणून स्वतः बांधलं असेल तरच. कागदावर बांधणारा तो एकटाच आहे. तिथे प्रसन्न दिसला, कोणी दोन प्रश्न विचारले, तर सगळंच अडकेल. पुढच्या वर्षी, इन्शाअल्ला, नक्की.

प्रसन्न म्हणाला, "नो प्रॉब्लेम." शिवाय त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेला. मी मिठाईचा डबा उघडला नाही. मला त्या माणसाचा राग आला होता, पण त्याहून जास्त या "नो प्रॉब्लेम"चा आला होता. टोपी कपाटात गेली, जिथे मी डोकं घातलं होतं तिथेच.

महिन्याभराने यूसुफचा व्हिडिओ आला. त्याने तो सगळ्या जगासाठी टाकला होता, आम्हालाही पाठवला, प्रेमानेच. आम्ही तिघं सोफ्यावर बसून पाहिला. सुरुवातीला यूसुफ कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता की हे विमान मी माझ्या या दोन हातांनी बांधलं. मग कॅमेरा आत फिरला. पडदे, बटणं, खाली डोकावणारी वायरींची एक जुडी, मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. आणि मागच्या सीटवर निळा आइसबॉक्स, पट्टा लावून. माणसाने शब्द पाळला म्हणायचं. आईसुद्धा बसली नाही, आइसबॉक्स बसला.

विमान नदीतल्या वाळूच्या पट्ट्याकडे उतरायला लागलं. झाडं वर आली. आणि त्या अनोळखी देशात, इंजिनाच्या आवाजावर मी ओरडले, "अहो, वेग!" पुन्हा, "अहो, वेग!"

माझ्या शेजारी प्रसन्न ताठ झाला.

तिकडे यूसुफ हसत होता. विमान धप्पकन आपटलं, उसळलं, कसंबसं थांबलं. तो कॅमेऱ्याला सांगत होता की चाचणी घेणाऱ्या वैमानिकाला ही बाई अरबी बोलते असं वाटलं, मला हिंदी वाटते. काय म्हणते कोण जाणे, पण प्रत्येक वेळी उतरताना माझं स्वागत करते.

प्रसन्नने लगेच फोन लावला. उचलला नाही. याने निरोप पाठवला: ती स्वागत करत नाही, ती सांगते की तू पडतो आहेस. उत्तर संध्याकाळी आलं. आधी हसणारे चेहरे, मग, ब्रसन्ना, नीट इंग्रजी आवाजाची फाइल पाठव, आजच.

आणि हा लॅपटॉप घेऊन बसला. मला राहवलं नाही. त्याने तुला त्या सीटच्या लायक धरलं नाही, आइसबॉक्सला धरलं, आणि तू त्याची चाकरी करतोस, मी म्हटलं. काही पाठवू नकोस.

"तो पडेल, लीना."

"पडू दे."

हे मी म्हटलं. आर्यासमोर म्हटलं, आणि त्या क्षणी मनापासून म्हटलं. प्रसन्नने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"विमान माझं आहे ते," तो म्हणाला. "ते पडायचं नाही."

त्याने कंपनीचीच फाइल पाठवली, विमानतळावरच्या बाईची. कशी घालायची ते पायरीपायरीने लिहून दिलं. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून माझा आवाजही पुसला. मी विचारलं, तो कशाला पुसलास? आता कशाला लागतोय, म्हणाला.

जेवणं झाली. तो सोफ्यावर बसला होता, समोर बंद टीव्ही, हातातला चहा तिरका होऊन लेंग्यावर सांडत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"अहो," मी म्हटलं.

तो तसाच वाकून बसून राहिला. चहा सांडत होता. मी उठून त्याच्या हातातून कप काढून घेतला.