पाच मिनिटं चार सेकंद

स्वयंपाकघरात स्टीलचा पेला पडला. फरशीवर आपटला, दोनदा उडाला आणि मग स्वतःभोवती गोल गोल फिरत, आवाज बारीक करत करत गप्प झाला. घरात इतकं शांत होतं की पेल्याची ती सगळी गंमत पलंगावर पडलेल्या तिला जणू डोळ्यांनी दिसली.

डोळ्यांवर तर घडी घातलेला रुमाल होता. ती उताणी पडली होती, उजव्या मुठीत सेकंद मोजायचं घड्याळ, आणि श्वास रोखून तीन मिनिटं नक्कीच होऊन गेली होती.

'नंतर,' ती मनात म्हणाली, आणि पेला विरघळला.

हा शब्द सरांचा. सर पोहण्याच्या तलावावर, नळी नाही, हवेची टाकी नाही, नुसत्या एका श्वासावर खोल जायला शिकवत. उंच, किडकिडीत, आणि काठावर एक तळपाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभं राहायची सवय. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना बगळा म्हणत. "श्वास सगळ्यांनाच पुरतो," बगळा म्हणे. "आधी घाबरतं ते डोकं. शरीराला अजून काही कमी पडलेलं नसतं, पण हे महाशय बोंबा मारायला मोकळे! त्याच्याशी भांडू नका. लहान मूल कसं पदर ओढतं, तसं समजा. हो रे बाबा, ऐकलं. नंतर."

सहा महिने तिने तो शब्द मुरवला होता. नाकाला खाज सुटली, नंतर. श्वासासाठी छातीखाली पहिला धक्का बसला, नंतर. एकदा दूध उतू जातानाही तो शब्द आपोआप आला, तेव्हा नवरा म्हणाला होता, "तुझ्या त्या नंतरला सांग, जाताना ओटा पुसून जा म्हणावं." दोघं खूप हसली होती. पण आता नुसता शब्द मनात आला तरी तिचे खांदे सैल पडत, जबडा सुटे, हृदयाचे ठोके लांब लांब पडायला लागत. बगळ्याला हवं होतं ते हेच.

"आई!"

मुंगीची हाक. मुंगी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. दिवसभर काही ना काही उचलून इकडचं तिकडे नेत असते, म्हणून मुंगी.

दोघींत एक करार होता. घड्याळ पीं करून वाजेपर्यंत हाक मारायची नाही. चित्र काढ, भातुकली मांड, हवं तर भिंतीवर रेघोट्या मार, पण हाक नाही. मुंगीने आजवर तो इमानदारीने पाळला होता.

'नंतर.'

"आईऽ"

दुसरी हाक वेगळी होती. बारीक, वर चढून मध्येच तुटलेली. ती वेगळी आहे हे तिला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. आणि तरी तो शब्द आला, आणि खांदे सैल पडले, आणि हाक कुठल्या तरी शेजारच्या घरातली असावी तशी लांब गेली.

मग तिसरी हाक आलीच नाही. धक्के सुरू झाले, एकामागून एक, तिने ते वरच्यावर झेलले. शेवटी तोंड उघडून श्वास घेतला, बटण दाबलं, घड्याळ वाजलं. तिने रुमाल काढला आणि आकडा पाहिला.

पाच मिनिटं चार सेकंद. आजवर ती साडेचारच्या पुढे गेली नव्हती. तिला हसू आलं. खोटं वाटून तिने आकडा पुन्हा पाहिला. आणि मग उठली.

स्वयंपाकघरात मुंगी लोखंडी कपाटाला चिकटून उभी होती. पेला घ्यायला कपाट उघडलेलं, हातातून तो निसटला, ती दचकली आणि जड दार मागे येऊन मधलं बोट बिजागरीच्या फटीत अडकलं. दाराच्या मुठीपर्यंत तिचा दुसरा हात पोचत नव्हता. तोंड पांढरंफटक. मोकळा हात तिने स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला होता.

आईला पाहून तिने तो हात काढला.

"वाजलं घड्याळ?"

"वाजलं गं राणी, वाजलं." तिने दार ओढलं. बोट काळंनिळं झालं होतं.

"मी दोनदाच हाक मारली," मुंगी म्हणाली. "सॉरी."

आणि मग रडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं. "हाड शाबूत आहे. नख मात्र जाईल, नवीन येईल. किती वेळ अडकलं होतं?"

"लगेच काढलं," ती म्हणाली.

मुंगी तिच्या मांडीवर बसली होती. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. मग पुन्हा पट्टीकडे बघायला लागली. त्या एका नजरेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं लगेच लक्षात आलं," आणि ती मान खाली घालून औषधाची चिठ्ठी वाचल्यासारखं करत राहिली.

संध्याकाळी नवरा आला. त्याने पट्टीला सलाम ठोकला. "काय हो मुंगीबाई, लढाई कुणाशी?"

"कपाटाशी."

"कोण जिंकलं?"

मुंगीने विचार केला. "कपाट."

तो हसला, आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नशीब, तू घरात होतीस." त्याचा हात उबदार होता. तो झटकावा की त्याच्याखाली रडावं हे तिला कळेना. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. "जेवायला वाढते," म्हणाली.

दुसरा दिवस असाच गेला. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. तिथे जिकडे पाहावं तिकडे आरसे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट नीट बसली की नाही ते बघताना मागच्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसे आणि ती नजर वळवी. दोनदा काच उलटी बसली. "झोप झाली नाही का ताई?" मालकांनी विचारलं. "मुलीचं बोट चेमटलं," ती म्हणाली, आणि त्यांनी इतक्या मायेने हळहळ केली की तिला तीही चोरल्यासारखी वाटली.

शनिवारी तलावावर निवड होती. आठ जणांतून चौघं समुद्रावरच्या स्पर्धेला जाणार होते. सरावाच्या वहीतला आकडा बगळ्याने आधीच पाहिला होता. तिने तो लिहिला होता. हीसुद्धा लाजच, बोटाला बर्फ लावून मुंगी झोपली, तेव्हा तिने वही काढली होती.

"पाच चार!" बगळा दोन्ही पायांवर उभा राहिला, इतका खूष. "ऐका रे सगळे. अर्ध्या मिनिटाची उडी! ताई, सांगा यांना, वेगळं काय केलंत?"

सात ओले चेहरे तिच्याकडे वळले.

"काही नाही सर. आवाज आला. नंतर म्हटलं."

"कसला आवाज?"

"पेला पडला."

"आमच्याकडे पेला पडला की सासूबाई तुटून पडतात पाठोपाठ," कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले. तीही हसली. ते हसू तिच्या तोंडात साबणासारखं राहिलं.

"बघा," बगळा म्हणाला, "बाहेरचा आवाजसुद्धा आत घेतला नाही. याला म्हणतात डोकं तयार होणं."

तिची पाळी आली. ती पाण्यावर पालथी पसरली, लक्ष ठेवायला शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याने खांद्याला हात लावून ठेवला. तळाच्या निळ्या फरशा, त्यांच्यावर हलणारं ऊन. मिनिट गेलं. दुसरं गेलं. नाकाच्या शेंड्याला केस चिकटला, आणि तो शब्द बोलावल्याशिवाय आला. खांदे सैल पडले. ठोके लांब गेले. सगळं किती सोपं, किती गोड. आणि त्या गोडीचीच तिला किळस आली. त्या दिवशीही हे असंच होतं. लेकीचं बोट फटीत होतं आणि हिला असंच छान वाटत होतं. ऐकू आलं नाही असं नव्हतं, शुद्ध हरपली असंही नव्हतं. ऐकू येऊन छान वाटत होतं.

तिने डोकं वर काढलं.

"अहो, अडीच मिनिटं!" बगळा काठावर ओणवा झाला. "धक्के तरी आले होते का?"

"नाही आले."

"मग काय झालं?"

"सर, पेला नव्हता तो," ती म्हणाली. "म्हणजे पेला होता, पण मग मुलीने हाक मारली. दोनदा. तिचं बोट दारात होतं. मी ऐकलं आणि पडून राहिले."

हसणारा कुणी नव्हता आता. बगळ्याने काठावरून हात पुढे केला. म्हणाला, "पाण्यातून बाहेर या. गारठाल."

घरी आली तेव्हा दुपार कलली होती. नवऱ्याला तिने दारातच, चपलासुद्धा न काढता सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "डॉक्टरांना तर 'लगेच काढलं' म्हणालीस." आणि मग, "मला काय सांगतेस? तिला सांग."

मुंगी खोलीत खिडकीशी बसून बाहुलीच्या बोटाला चिंधी बांधत होती. आई तिच्यासमोर फरशीवर बसली. केस अजून ओले होते.

"मुंगे, त्या दिवशी तू हाक मारलीस ना, ती मला ऐकू आली होती."

"माहितीये."

"कसं माहितीये?"

"मी बोलले की तुला ऐकू येतंच." मुंगीने दाताने गाठ आवळली. "तू तुझं ते करत होतीस."

"माझं चुकलं, बाळा. उठून यायला हवं होतं. आता तो करार नाही. कधीही हाक मार, मी येईन."

मुंगीने मान डोलावली, पण तिचं डोकं भलतीकडेच होतं. तिने बाहुली बाजूला ठेवली, आईच्या गुडघ्याला टेकून बसली आणि खूप दिवस विचारायचं राहिलेलं काही विचारावं तशी, शिकायच्या उत्साहाने म्हणाली:

"आई, मला पण शिकव ना. हाक मारल्यावर कुणी आलं नाही, तरी पोटात काहीच होऊ द्यायचं नाही. ते कसं करतात?"