ज्याला दगड ठाऊक नव्हता

कुत्र्याला बरोबर घेऊन सुट्टीला जायचं, तेही कुत्र्याला चालेल असं घर शोधून, हे ऐकल्यावर शोभनाताईंनी कपाळाला हात लावला. नागपुरात त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. एवढ्या वर्षांत माणसांना चालेल अशी धर्मशाळा मिळताना मारामार होते हे त्यांनी पाहिलं होतं. इथे मुलगा सुशांत दोन आठवडे कंप्यूटरसमोर बसून कुत्र्याची सोय बघत होता.

पण बोलायला तोंड नव्हतं, कारण ही सहल त्यांच्यामुळेच ठरली होती.

सून रुचा सातव्या महिन्यात होती. बाळंतपणासाठी म्हणून शोभनाताई सप्टेंबरात अमेरिकेत रेडमंडला आल्या आणि आल्या दिवसापासून वॅफल नावाच्या त्या पिवळ्या लॅब्रॅडॉरने त्यांची पाचावर धारण बसवली होती. ते स्वयंपाकघरात आलं की त्या हॉलमध्ये, ते हॉलमध्ये आलं की त्या खोलीत, कडी लावून. आठ वर्षांच्या असताना त्यांना गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण कुत्रं नुसतं जवळून गेलं तरी त्यांचं पोट आजही आखडायचं. शेवटी एक दिवस त्यांनी सुशांतला सांगून टाकलं, की तान्हं मूल आणि हे जनावर एका घरात राहणार असेल तर माझं परतीचं तिकीट काढ.

सुशांतने वाद घातला नाही. ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने वॅफलसाठी कायमचं एक घर मिळालं. डोंगरांपलीकडे मेटहाउ नावाच्या खोऱ्यात डोरीन आणि हॅल हे म्हातारं जोडपं राहायचं. त्यांचं कुत्रं उन्हाळ्यात गेलं होतं आणि त्यांना दुसरं हवं होतं. ऑक्टोबरातल्या एका वीकेंडला तिकडेच केबिन भाड्याने घ्यायची, वॅफलला तीन दिवस मनसोक्त फिरवायचं आणि रविवारी चार वाजता त्यांच्या हवाली करायचं, असं ठरलं. नऊ वर्षांच्या नातीला, निधीला, हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने फक्त आजीशी बोलणं बंद केलं. त्याला आता दोन आठवडे झाले होते.

रेडमंडहून निघाले तेव्हा पाऊस होता. तिथे तो असतोच. घाट चढेपर्यंत काचेवर वायपर फिरत होते आणि खिंड ओलांडली तशी कुणीतरी नळ बंद करावा तसा पाऊस थांबला. पुढे सगळं ऊन. उघडे, पिवळसर, रुंद डोंगर, आणि मैलोगणती माणूस नाही. महाबळेश्वर पाहिलेल्या, माथेरान पाहिलेल्या शोभनाताई काचेला नाक लावून बसल्या. एवढी जमीन नुसतीच पडून आहे, कुणाची पत्र्याची शेडसुद्धा नाही, हे त्यांच्या डोक्यात मावेना. मागे निधी कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. ती काही बाहेर बघत नव्हती.

केबिनमध्ये टेबलावर मालकिणीची चिठ्ठी होती, कुत्र्याच्या नावाने. बरणीत त्याच्यासाठी बिस्किटं, दाराशी पाय पुसायला टॉवेल, त्यावर त्याचं नाव, आणि त्याला कुठे कुठे फिरवता येईल त्याचा नकाशा. शोभनाताईंनी तो टॉवेल दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला. माझ्या नावाचा टॉवेल सासरी नव्हता आणि माहेरीही नव्हता, एवढंच त्या रुचाला म्हणाल्या. रुचा हसली आणि सुशांतचा चेहरा पाहून सामान लावायला वळली.

शनिवारी सगळे नदीकाठाने चालले. पुढे कुत्रं आणि निधी, मधे सुशांत आणि रुचा, आणि तीस पावलं मागे शोभनाताई. वाटेत भेटणारी माणसं आधी कुत्र्याची विचारपूस करायची, मग माणसांची. नदीचं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातले गोटे मोजता यावेत. शोभनाताई जागोजागी थांबत होत्या. सुशांतला वाटलं आई दमली. आई दमली नव्हती. काय बघू आणि काय नको, असं झालं होतं तिला.

रविवारी सहाला उठून त्यांनी आंघोळ केली आणि डबीतून आपला पितळी बाळकृष्ण काढला. तो त्यांच्याबरोबर विमानातूनही आला होता. त्याला रोज एक तरी फूल लागायचं. रेडमंडला कुंपणावरचे गुलाब होते, इथे काय? खिडकीबाहेर राखाडी झुडपांवर पिवळी बारीक फुलं दिसली. बाकीचे झोपले होते. शोभनाताईंनी शाल गुंडाळली, दार नुसतं लोटलं आणि वाटी घेऊन बाहेर पडल्या.

दुसऱ्याच्या अंगणातली फुलं पहाटे तोडायची म्हणजे कशी, हे आपल्याकडच्या बायकांना शिकवावं लागत नाही. इकडे दोन, तिकडे चार, पुढचं झुडूप नेहमी जास्त फुललेलं असतं. धुकं होतं, पण विरळ आहे असं वाटत होतं. वाटी अर्धी भरली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. केबिन नव्हती. झाडं नव्हती, रस्ता नव्हता, खोरंच नव्हतं. सगळीकडे एकसारखं पांढरं. त्यांनी सुशांतला हाक मारली. आवाज दोन हातांवर जाऊन विरला.

तेवढ्यात गवतात खसखस झाली.

अस्वल, हे पहिलं मनात आलं. मग धुक्यातून पिवळा आकार पुढे आला आणि ते कुत्रं निघालं. लोटलेल्या दारातून त्यांच्यामागे आलं असणार. लीशची दोरी नाही, मधे कुणी नाही. शोभनाताई खाली वाकल्या.

आपल्याकडे ही विद्या शाळेत न गेलेल्यालाही येते. कुत्रं अंगावर आलं की वाकायचं. दगड असो वा नसो, वाकायचं. नागपूर असो की कोल्हापूर, वाकलेला माणूस दिसला की कुत्रं शेपूट घालून पळतं. शोभनाताई आयुष्यात हजार वेळा वाकल्या असतील आणि हजार वेळा वाचल्या होत्या.

वॅफल पळाला नाही. उलट पुढचे दोन्ही पाय जमिनीवर पसरून तोही वाकला, पार्श्वभाग वर, शेपूट हलते आहे, डोळे त्यांच्या हातावर. शोभनाताईंच्या हाताला खरंच दगड लागला होता, लिंबाएवढा. त्यांनी तो मारला. दाखवायला नाही, मारायलाच मारला. तो त्याच्या कानाजवळून सणसणत धुक्यात गेला आणि कुत्रंही त्याच्यामागे धुक्यात गेलं.

गेलं एकदाचं, म्हणून त्या श्वास घेतात न घेतात तोच ते परत आलं. तोंडात तोच दगड. वॅफलने तो त्यांच्या चपलेपाशी अलगद ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि पुन्हा तसाच वाकून वाट बघू लागला.

शोभनाताईंनी पुन्हा मारला, या वेळी अर्ध्याच जोराने. त्याने पुन्हा आणून दिला. लाळेने ओला, कोमट दगड हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना जे कळलं त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. याला ठाऊकच नाही. दगड मारायला असतो हे याला कुणी आजवर शिकवलेलंच नाही. जन्माला येऊन तीन वर्षं झाली आणि याच्याकडे पाहून वाकलेला प्रत्येक हात काहीतरी द्यायलाच वाकला होता. असा जीव या पृथ्वीवर असू शकतो, कुत्रंच काय, माणूससुद्धा, हे त्यांनी एकसष्ट वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि त्यांना ते दुसरं कुत्रं आठवलं. इंजेक्शनांची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली होती, नवऱ्याला, सुशांतला, वर्गातल्या मुलींना. एवढंच कधी सांगितलं नव्हतं, की त्या दुपारी गल्लीतल्या पोरांनी त्याला भिंतीशी कोंडलं होतं आणि पहिला दगड आठ वर्षांच्या शोभनानेच मारला होता. चावलं ते त्यानंतर.

धुकं हललं. वरून खाली नाही, एका बाजूने, कुणी पदर ओढून घ्यावा तसं ते सरकत गेलं. समोर डोंगर उघडला आणि त्याच्या वरच्या अंगाला सोनं होतं. लार्चची झाडं. सूचीपर्णी असून शरद ऋतूत पिवळी होणारी, पानं गाळणारी. सुशांतने काल सांगितलं होतं, पण सांगून हे कळत नाही. हजारो झाडं, प्रत्येक दिव्याच्या ज्योतीसारखं उभं, आणि आवाज कसलाही नाही. खाली कुरणात हरणांचा कळप मान वर करून त्यांच्याकडे बघत होता. शोभनाताईंचे हात आपोआप जोडले गेले, दगडासकट. फुलांची वाटी कधी पालथी झाली ते त्यांना समजलं नाही. कुत्रं हरणांमागे धावलं नाही. ते त्यांच्या पोटरीला टेकून बसलं होतं. भीती होतीच, ती कुठे जाते अशी? पण त्यांनी पाय काढून घेतला नाही.

मग वॅफल उठला, चार पावलं चालला आणि मागे वळून बघू लागला. त्या त्याच्यामागून गेल्या. केबिन पाच मिनिटांवर होती, त्या चालत होत्या त्याच्या बरोबर उलट दिशेला.

अंगणात सुशांत उघड्या पायांनी उभा होता, तोंड पांढरंफटक. शोभनाताईंनी श्वास सावरून त्याला सांगितलं, की त्या डोरीनबाईंना फोन कर, येऊ नका म्हणून सांग.

आईपुढे आवाज न चढवणारा सुशांत त्या दिवशी चढवून बोलला. "आई, हे काय चाललंय यार? तू म्हणालीस म्हणून मी त्यांना प्रॉमिस केलंय. दोन आठवडे माझी पोरगी जेवत नाही नीट. आता एका सकाळीत तुझं मन बदललं. बाळ आल्यावर परत बदललं तर? तेव्हा मी वॅफलला कुठे नेऊ?"

तो चूक बोलत नव्हता. शोभनाताईंनी बाळकृष्ण त्या दिवशी बिनफुलाचाच पूजला आणि दुपारभर खिडकीशी बसून राहिल्या.

चारला पाच मिनिटं असताना निळा पिकअप आला, हॅल चालवत होता. डोरीन उंच, वाळकी, पांढऱ्या वेणीची बाई होती. गाडीच्या मागच्या बाजूला नवं कोरं अंथरूण होतं आणि एक चेंडू. तिने तयारी मनापासून केली होती, ते बघूनच शोभनाताईंना कसंतरी झालं. सुशांतने लसीकरणाचे कागद दिले, मग लीश दिली. वॅफल आनंदाने पिकअपमध्ये चढला. त्याला काय, सगळीच माणसं त्याची होती. निधी पायरीवर उभी होती, हाताची घडी घालून, कोरड्या डोळ्यांनी. रुचाने तिच्या खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकून टाकला.

शोभनाताई घरातून बाहेर आल्या. साडीचा पदर खोचलेला, पायात सुशांतचे मोठे बूट. त्यांचं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं, बोलण्यापुरतं कधीच नव्हतं. त्या सरळ डोरीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"प्लीज," त्या म्हणाल्या, "डोन्ट टेक."

हॅलने सुशांतकडे पाहिलं, सुशांतने जमिनीकडे. डोरीनने निधीकडे नजर टाकली आणि समजुतीच्या सुरात विचारलं, नातीसाठी म्हणताय ना? मुलं रडतात, पण विसरतात हो.

शोभनाताईंनी मान हलवली. "नॉट फॉर हर. आय सेंट हिम. माय फिअर, माय मिस्टेक." मग इंग्रजी संपलं आणि त्या मराठीतच म्हणाल्या, सुशांतकडे न बघता, "यांना सांग, मला हवाय तो. भीती वाटते, वाटत राहील. तरी हवाय. आणि तिकीट मी नाही मागणार, काही झालं तरी."

सुशांतला भाषांतर करायला वेळ लागला. डोरीनने पिकअपमधल्या त्या नव्या अंथरुणावर बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि मग लीशचं टोक सुशांतसमोर नाही, निधीसमोर नाही, शोभनाताईंसमोर धरलं.

शोभनाताईंनी ते घेतलं. वॅफलने खाली उडी मारली आणि असा हिसडा बसला की त्या दोन पावलं पुढे ओढल्या गेल्या. पण मूठ त्यांनी सोडली नाही.

पायरीवरून निधी धावत आली. ती कुत्र्याकडे गेली नाही. आजीच्या बाजूला उभी राहून तिने आजीचा मोकळा हात धरला, लीशवर आणून ठेवला आणि वरून आपली बोटं घट्ट आवळली.

"टू हँड्स, आजी," ती म्हणाली.