रोज धुतलेले केस

सकाळचा उजेड त्या गल्लीत थेट कधी उतरत नसे. आधी तो मशिदीच्या मनोऱ्यावरच्या हिरव्या फरशीवर टेकायचा, तिथून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर घरंगळायचा आणि तिचा पिवळटपणा अंगाला माखून मगच शुऐबच्या दुकानाचा उंबरा ओलांडायचा. उंबऱ्याशी घासूलचे तपकिरी पापुद्रे वाळत पडलेले असत. फेझ शहरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या केस धुण्यासाठी नेत आल्या ती ही डोंगरातली माती. त्या उजेडात ती तांब्यासारखी झळके. मग उजेड सुकलेल्या गुलाबकळ्यांच्या टोपलीत हात घाली आणि सर्वांत शेवटी वरच्या फळीवर जाऊन थांबे. तिथे निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची उंच ढेप उभी होती. कागद एका बाजूने विटला होता. शुऐब रोज तिच्याकडे पाही आणि रोज त्याच्या मनात एकच वाक्य उमटे: नुझाने शब्द मोडला.

नुझाचे लग्न आता मेकनेसच्या एका शिक्षकाशी ठरले होते. तिची मावशी, लल्ला बतूल, धापा टाकत दुकानात आली ती हेच सांगत.

"काय रे पोरा, सकाळी सकाळी असा मेल्यासारखा चेहरा? गिऱ्हाईक पळेल की!"

"बसा, खाला."

"बसायला वेळ कुणाला आहे? नवरीचे केस बघ जाऊन, नुसता झाडू! कासाब्लांकात नोकरी केली ना, तिथल्या पाण्यानं वाट लावली. लग्नाआधी नवरीला हमामात न्हाऊ घालताना सासरच्या बायका वेणी सोडून बघणार, तेव्हा आमचं नाक कापलं जायचं. सांग, घासूलनं किती दिवसांनी धुवायचे? तुझ्या आईला बरोबर कळायचं. ती तर गेली बिचारी."

आईचा नियम शुऐबला झोपेतही म्हणता आला असता. एका शुक्रवारी धुतले की थेट पुढच्या शुक्रवारी. आदल्या रात्री तेल, मग कोमट पाणी, आणि माती केसांत वाळू द्यायची नाही. 'माती मळ खाते, बाळा,' आई म्हणायची, 'मळ संपला की केस खायला लागते.'

"रोज," तो खाली बघत म्हणाला. "कडकडीत पाण्यानं. माती पार वाळेपर्यंत ठेवायची. आणि तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही."

"रोज? अरे, आमच्या वेळी तर..."

"तुमच्या वेळी धूळ कमी होती, खाला."

लल्ला बतूल हसली आणि भली मोठी पुडी घेऊन गेली. लाजाळू माणसाच्या खोट्यावर सहसा कुणी संशय घेत नाही. त्या दिवशी शुऐबला प्रथमच आपल्या मवाळ आवाजाचा उपयोग समजला.

त्यानंतरच्या सकाळी त्याला गोड गेल्या. घासूल गुलाबपाण्यात भिजवताना त्याला दिसे ते नुझाच्या डोक्यावर वाळत चाललेले, भेगा पडलेले चिखलाचे टोपडे. ज्या वेणीचा पीळ पाहत तो मोठा झाला ती वेणी आता तंतूतंतूने तुटत असेल, या विचाराने त्याच्या बोटांना ऊब येई. हमामाच्या वाफेत सासरच्या बायका एकमेकींना कोपर मारतील, कुजबुजतील. तिची मान खाली जाईल, जशी त्याची गेली होती. त्याला याहून अधिक काही नको होते. याहून कमीही चालणार नव्हते.

एके दिवशी उजेड गुलाबांच्या टोपलीपर्यंत पोहोचला होता, तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. नुझा होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिने बाहीतून केसांचा एक गुंता काढला आणि तराजूच्या पारड्यात ठेवला.

"तोल," ती म्हणाली. "तुझीच कमाई आहे."

शुऐबचा हात हलला नाही.

"खालाला रोज धू म्हणून तूच सांगितलंस ना?"

"हो."

"मी वेडी, धूत राहिले. काल कंगव्यात हे आलं तेव्हा तुझी आई आठवली. लहानपणी याच उंबऱ्यावर बसवून मला तेल चोपडायची. माती मळ खाते, मळ संपला की केस खाते, म्हणायची. तू शेजारी बदाम सोलत बसलेला असायचास. विसरलास?"

"नाही."

"मग?"

या प्रश्नाचे उत्तर त्याने मनात किती घडवले होते, घासले होते! प्रत्यक्षात ते फार लहान निघाले.

"तू शब्द मोडलास."

"कुठला शब्द?"

त्याने फळीकडे बोट केले.

"ती साखर? अरे, तुझी आई मागणी घालायला ती घेऊन आली, त्याच संध्याकाळी आम्ही परत केली. होकार असता तर ढेप फोडून गल्लीभर चहा पाजला असता. परत न्यायला तूच आला होतास, शुऐब. मी दारात उभी होते. माफ कर म्हटलं, तर तू मान हलवलीस."

"परत केली ती तुझ्या बाबांनी. तू नाही."

"बाबांनी मला विचारूनच केली."

गल्लीतून एक गाढव घंटा वाजवत गेले.

"नवरीच्या हमामात गल्लीतल्या सगळ्या जणी येतील," ती म्हणाली. "केस मी लपवणार नाही. वेणी सोडतानाच सांगेन कुणाच्या सल्ल्यानं असे झाले ते. मग ही सगळी माती तूच लाव. रोज."

ती गेली. उंबऱ्यावरची सावली निघाली आणि उजेड पुन्हा आपल्या वाटेने आत आला. पारड्यातल्या केसांवरून सरकत फळीवर चढला. शुऐबने स्टूल ओढले आणि ढेप खाली काढली. बरीच जड होती. निळ्या कागदावर आईने सुतळीची गाठ मारली होती, तिच्या हातची, दुपदरी. ती गाठ त्याने इतकी वर्षे दुरून पाहिली होती. बोटे मात्र आज प्रथमच तिच्यावर फिरली.

गाठ कुणी सोडलेलीच नव्हती. नुझाने त्याला होकार कधीच दिला नव्हता.