शालूबाईंचा डंख

मित्रांनो, मी एक डंख आहे. जुना आहे आणि सध्या बंद आहे. वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, कुटून देणाऱ्या यंत्राला आमच्या कोल्हापुरात डंख म्हणतात. चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं आणि बाजूला मोटर, एवढाच माझा देह.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी तयार झालो. सतरा वर्षांपूर्वी शालूबाईंनी मला शाहूपुरीतल्या एका गाळ्यात आणून बसवलं. गाळा भाड्याचा होता, मी त्यांचा होतो. मला चालवायच्या त्याच. त्यांचे पती आकाराम एका दुकानात हमाली करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला पुसून ग्रीस लावायचे.

उन्हाळ्यात बायका वाळवलेली मिरची, भाजलेला मसाला, लसूण, खडेमीठ घेऊन यायच्या. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून प्रत्येक जण माझ्यासमोर पहारा देत बसायची. शिंका आणि गप्पा एकदमच चालायच्या.

"अगं, मीठ किती आणलंयस? घरात माणसं हायत का म्हसरं?" असं शालूबाई म्हणाल्या की सगळ्या हसायच्या. पण मीठ त्या सांगतील तेवढंच पडायचं. त्यांच्या हातची चटणी वर्षभर रंग सोडत नाही, असं लोक म्हणायचे. मला वाटायचं, त्यात थोडं कौतुक माझंही आहे.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आकारामांनी बँकेकडून, पतसंस्थेकडून, ओळखीच्यांकडून कर्ज काढलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं म्हणून त्यांची हमाली सुटली. दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, शालूबाई गेल्या. कर्ज राहिलं.

फेडणं शक्य नाही हे दिसल्यावर आकारामांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला. सगळ्या कर्जांचा मिळून महिन्याला झेपेल एवढाच हप्ता ठरवून मिळेल, असं वकिलांनी सांगितलं होतं. त्यासाठी कोर्टाने नेमलेले एक साहेब धंदा बघायला आले. ते आले नेमके मे महिन्यात. शालूबाईंच्या जागी आता आकाराम मला चालवत होते आणि दारात बायकांची रांग होती.

"रोज एवढी गर्दी असते?" साहेबांनी विचारलं.

"ही कसली गर्दी, साहेब? शालूचा डंख हाय ह्यो! ती असती तर रांग पार चौकात गेली असती की."

"वर्षभर चालतो?"

"बारा म्हैनं! शालूचा डंख बंद म्हणून माहीतच न्हाय."

मित्रांनो, हे खरं नव्हतं. पाऊस लागला की मिरची सादळते. जूनपासून पुढे सात-आठ महिने मी जवळपास रिकामा असतो. आकाराम खोटं बोलणारे नव्हते. बायकोचं नाव निघालं आणि त्यांची छाती फुगली, एवढंच. साहेबांनी लिहून घेतलं. हप्ता ठरला चौदा हजार. आकारामांनी सही केली.

जूनचा हप्ता उन्हाळ्याच्या कमाईतून गेला. जुलैचा शालूबाईंच्या बांगड्यांतून गेला. शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या लालबी हे बघत होत्या. एक दिवस त्या आत आल्या.

"आकारामदादा, कोर्टात जाऊन सांगा की, पावसात धंदा न्हाय म्हणून. हप्ता कमी करून देतील."

"काय तोंडानं सांगू? शालूचा डंख चालंना म्हणून सांगू?"

"डंख तिचा, पर हप्ता तुमचा हाय न्हवं? वैनी असती तर तुम्हालाच मुसळाखाली घातलं असतं."

आकाराम हसले नाहीत. कोर्टात गेलेही नाहीत.

ऑगस्टमध्ये त्यांनी माझी मोटर विकली. घेणारा माणूस पाना लावून बोल्ट सोडवत होता, तेव्हा आकाराम पायरीवर पाठ करून बसले होते. त्या पैशांत आणि थोड्या उसनवारीत तो हप्ता भागला.

सप्टेंबरात विकायला काही उरलं नाही, तेव्हा ते कोर्टात गेले. पावसाळ्यात धंदा नसतो, हे त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. "हे आधी का सांगितलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात अगदी थोडा, असा नवा हप्ता ठरला. डंखवाल्याला झेपेल असाच होता तो. फक्त डंखाला मोटर नव्हती.

गाळा सोडावा लागला. मी आता त्यांच्या खोलीबाहेर पत्र्याखाली उभा आहे. यंदा उन्हाळा लागल्यापासून आकाराम राजारामपुरीत दुसऱ्याच्या डंखावर रोजाने जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा त्यांच्या सदऱ्याला त्या चटणीचा वास येतो. माझ्याकडे ते बघत नाहीत.

माझ्या मुसळांवर गंज चढला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लोखंड आहे, गंजणारच. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हप्त्याच्या कागदावर सही करत असेल, तर त्याचा हात धरा आणि पडत्या महिन्यांतली कमाई विचारा. झेपत नसेल तर ते त्याच दिवशी सांगायला लावा, लाज वाटली तरी. आणि गेलेल्या माणसाचं कौतुक घरात बसून हवं तेवढं करा. कोर्टाच्या कागदावर करू नका.